कोको क्रेटर: ज्वालामुखीच्या पोटातली कोरडवाहू बाग बघायला जाताना

पहिल्या खेपेला मी डोंगराच्या भलत्याच बाजूला जाऊन उभा राहिलो. फोनमध्ये नुसतं 'कोको क्रेटर' टाकलं होतं. त्याने एका मैदानाच्या कडेला आणून सोडलं, आणि समोर डोंगराच्या अंगावरून नाकासमोर वर गेलेली रुळांखालच्या जुन्या लाकडी स्लीपरांची रांग. सोबत आई आणि आबा, गावाहून येऊन जेमतेम चार दिवस झालेले. आबांनी वर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "बाग वर हाय व्हय?"

बाग वर नव्हती. बाग त्या डोंगराच्या पोटात होती, आणि पोटात शिरायची वाट पार पलीकडच्या अंगाला. त्यानंतर या बागेत माझ्या आठ-दहा फेऱ्या झाल्या असतील. हवाईतल्या होनोलुलूत राहतो म्हटल्यावर दर पाहुण्यामागे एक फेरी होतेच. दर वेळी तेच प्रश्न येतात, त्याच चुका होतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

## १. आधी हे समजून घ्या, की तिथे काय नाही

कारंजी नाहीत, हिरवळ नाही, काचेचं घर नाही, कॅन्टीन नाही. आमच्या ओळखीचं एक कुटुंब तिथून पंधरा मिनिटांत परत आलं. "अहो, सगळं वाळलेलंच आहे," म्हणाले. बरोबर आहे, वाळलेलं दिसणारच. ही बाग मुळात कमी पाण्यावर जगणाऱ्या झाडांची. होनोलुलू शहराच्या पाच वनस्पती उद्यानांपैकी हे एक. १९५८ साली विवराच्या आतली सुमारे २०० एकर जागा बागेसाठी राखून ठेवली गेली, त्यातल्या साधारण ६० एकरांत लागवड आहे. उरलेला उतार आपला आपण वाढलेला. मधून सुमारे दोन मैलांची, म्हणजे सव्वातीन किलोमीटरची, गोल फिरून येणारी मातीची वाट.

हवाई म्हटलं की डोळ्यांसमोर धबधबे येतात. ते ओआहू बेटाच्या वाऱ्याकडच्या अंगाला. ईशान्येकडून येणारे ढग मधल्या डोंगररांगेवर रिकामे होतात आणि या आग्नेय टोकाला उरतं ते ऊन. आमचं गाव माण तालुक्यातलं, त्यामुळे हा प्रकार घरच्यांना समजवावा लागला नाही. महाबळेश्वर भिजतं आणि दहिवडी आभाळाकडे बघत बसते, तोच हिशोब.

विवर म्हटलं की आपल्याला लोणार आठवतं. ते उल्का आदळून झालेलं, काळ्या पाषाणातलं. हे वेगळं. इथे वर येणारा तप्त रस जमिनीतून समुद्राच्या पाण्याला भिडला, वाफेचे स्फोट झाले आणि खडकाची राख, चुरा उडून भोवती रिंगण धरून बसला. पुढे तो घट्ट झाला. त्याला टफ म्हणतात. पिवळट तपकिरी, जवळून बघितलं तर थरावर थर, हाताने घासलं तर भुकटी सुटणारा. राख उडत असताना वारा ईशान्येकडून होता, म्हणून ढीग नैर्ऋत्येला उंच झाला (१,२०८ फूट) आणि ईशान्येची कड बुटकी राहिली. बागेत जायचा रस्ता आहे तो या बुटक्या बाजूने. एवढं ध्यानात ठेवलंत तर माझ्यासारखी फजिती होणार नाही.

या डोंगराचं मूळ हवाईयन नाव कोहेलेपेलेपे. ज्वालामुखीची देवी पेले हिच्यावर डुक्करदेव कामापुआआने झडप घातली तेव्हा बहीण कापो हिने त्याला चकवायला आपली योनी अंगापासून सोडवून दूर उडवली, ती इथे येऊन टेकली आणि तिचा ठसा उमटला, अशी कथा आहे. नावाचा अर्थ त्यावरून ओळखा. लज्जागौरी ठाऊक असलेल्या मराठी माणसाला यात दचकण्यासारखं काही नाही. फक्त तिथल्या माणसांसमोर यावर खिदळू नका.

## २. महिना आणि वेळ ठरवा

चाफा बघायचा असेल तर एप्रिल ते सप्टेंबर. मे-जूनमध्ये गेलात तर झाडाखाली पाय ठेवायला जागा नसते, एवढा सडा पडलेला असतो. डिसेंबर-जानेवारीत तीच झाडं नुसत्या बोटांसारखी उभी असतात, पान नाही, फूल नाही. बरेच लोक नाताळच्या सुट्टीत हवाईला येतात आणि चाफ्याचे फोटो मनात धरून बागेत जातात, मग हिरमुसतात. हिवाळ्यात यायचं तर निवडुंगांसाठी या, ते बाराही महिने ऐटीत असतात, आणि ऊनही सोसवतं.

पांगाऱ्याच्या हवाईयन भावंडाचा फुलोरा उन्हाळ्याच्या अखेरीपासून पुढे. त्याबद्दल खाली सविस्तर.

बाग सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत उघडी असते. फक्त २५ डिसेंबर आणि १ जानेवारी बंद. तिकीट नाही, आगाऊ नोंदणी नाही, नाव-गाव सांगायचं नाही. फुकट आहे म्हणून दुपारी केव्हाही जाऊ, असं मात्र करू नका. विवर म्हणजे कढई. चहूबाजूंनी काठ, त्यामुळे वारा कमी आणि मातीतून धग वर येते. सकाळी आठपर्यंत आत शिरायचं आणि दहा-साडेदहाला बाहेर पडायचं हे उत्तम. सकाळी चाफ्याचा रात्रीचा वासही अजून रेंगाळत असतो. संध्याकाळी जायचं तर चारनंतर, पण मग परतीच्या वेळेवर लक्ष हवं.

एक बारीक सूचना. व्यापारी वारे थांबून दक्षिणेकडून दमट हवा येते, तिला इथे कोना हवा म्हणतात. हवामानाच्या बातमीत हा शब्द आला की त्या दिवशी बाग रद्द करा आणि समुद्रावर जा.

## ३. पिशवीत काय घ्याल

सगळ्यात आधी पाणी. माणशी किमान एक लिटर, लहान मुलं आणि वयस्कर मंडळी असतील तर त्याहून जास्त. आत विकत काही मिळत नाही, पाण्याचा भरवसा धरू नका. आमच्या आईने पहिल्या दिवशी लिंबू-मीठ-साखरेचं पाणी बाटलीत करून घेतलं होतं. मी हसलो होतो, आणि तिसऱ्या वळणावर मीच अर्धी बाटली संपवली.

पायांत बूट. चपला नकोतच. याचं कारण पुढे एका काट्याच्या गोष्टीत येईल.

रुंद काठाची टोपी, आणि पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट. उन्हाचं मलम लावणार असाल तर बाटलीवर ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट ही नावं नाहीत ना ते बघा. प्रवाळाला त्रास होतो म्हणून हवाईत अशी मलमं विकायला २०२१ पासून बंदी आहे, आणि बागेनंतर तुम्ही समुद्रात जाणारच.

डासांसाठी काहीतरी, विशेषतः पाऊस पडून गेल्यावर. विषारी सापांची काळजी करू नका. कोकणात वाढलेल्या आमच्या एका वहिनी हे ऐकूनच निम्म्या मोकळ्या झाल्या होत्या.

नकाशा घरूनच फोनमध्ये उतरवून घ्या, शहराच्या उद्यान विभागाच्या संकेतस्थळावर तो असतो. डोंगराच्या पोटात फोनची रेंज कधी असते, कधी नसते.

बागेला कुठलंच कागदपत्र लागत नाही. पण तिथवर स्वतः गाडी चालवत जाणार असाल आणि लायसन्स भारतातलं असेल, तर ते इंग्रजीत आहे ना हे बघा आणि आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून काढून आणा. भाड्याने गाडी देणाऱ्या खिडकीवर हुज्जत घालण्यात सकाळची गार वेळ घालवू नये.

## ४. डोंगराची बरोबर बाजू गाठा

इथे 'कोको' नावाचा गोंधळ आहे. कोको हेड हा एक डोंगर, त्याच्या कुशीत हनाउमाची खाडी. कोको क्रेटर हा शेजारचा दुसरा, आपला. आणि कोको क्रेटरच्याच बाहेरच्या अंगावर ती प्रसिद्ध पायऱ्यांची चढण. दुसऱ्या महायुद्धात माथ्यावरच्या लष्करी ठाण्यात सामान न्यायला छोटी रेल्वे घातली होती, तिचे हे स्लीपर, हजाराहून थोडे जास्त. हौशी लोक पहाटे तिथे घाम गाळायला जातात. ती चढण आणि बाग यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, आतून जोडणारी वाट नाही. फोनमध्ये टाकताना 'कोको क्रेटर बोटॅनिकल गार्डन' असं पूर्ण नाव टाका किंवा कोकोनानी स्ट्रीट टाका.

वायकीकीहून गाडीने अर्धा तास धरा. एच-१ रस्ता पूर्वेला जाऊन पुढे कलानिआनाओले हायवे होतो. हवाई काई गेलं, हनाउमा बे गेली, मग काळ्या खडकांवर लाटा फुटणारा सुंदर टप्पा, मग उजवीकडे सँडी बीच. तो मागे पडला की डावीकडे केआलाहोउ स्ट्रीट, आणि त्यावरून पुन्हा डावीकडे कोकोनानी स्ट्रीट. हा रस्ता संपतो तिथेच घोड्यांची पागा आणि बागेचं फाटक. सुरुवातीला लिदीचा वास आला तर चुकलो असं समजू नका, बरोबर आला आहात.

बसनेही जाता येतं. हवाई काईवरून सी लाइफ पार्ककडे जाणारी बस या भागातून जाते. उतरून फाटकापर्यंत मात्र चालावं लागतं आणि बसेस फार नाहीत, त्यामुळे परतीची वेळ आधी बघून ठेवा.

गाडीत काहीही दिसेल असं ठेवू नका. पर्स नको, बॅग नको, चार्जरची वायरसुद्धा नको. ओआहूवर पर्यटकांच्या भाड्याच्या गाड्यांच्या काचा फोडणं हा जुना धंदा आहे. माझ्या एका मित्राची काच याच बेटावर एका वाहनतळात फुटली. गाडीत होतं काय, तर अर्धा पुडा बाकरवडी असलेली पिशवी. बाकरवडी गेली.

## ५. आत शिरलात की चाफ्यापाशी थांबा

फाटकातून आत आलात की बोगनवेलीचे रंग आणि थोडं पुढे चाफ्याची राई. घरात गुडघ्यांचा त्रास असलेलं कुणी असेल तर त्यांना एवढ्यावरच आणा, काही गमावलं असं वाटणार नाही. पुढची वाट खडबडीत, चढउताराची आहे. व्हीलचेअर किंवा बाबागाडी ढकलणं अवघड जातं.

आपला चाफा म्हणजे पांढरा, मध्ये पिवळा, देवळाच्या पारावरचा. इथे त्याची एवढी रूपं एकत्र आहेत की बघणारा गोंधळतो. गडद लाल, जवळजवळ काळपट. गुलाबी. शेंदरी-पिवळा, जणू आतून दिवा लावलाय. पाकळीच्या कडेला रेघ ओढलेला. पण नुसतं बघून पुढे जाऊ नका, वास घ्या. एकेक झाडाखाली थांबून. एकाला पिकल्या आंब्याच्या सालीसारखा, एकाला खोबऱ्याच्या वडीसारखा, एकाला चक्क काहीच नाही. आईने दहा झाडांनंतर आपला निकाल दिला, की साध्या पांढऱ्या-पिवळ्याच्या पुढे बाकीचे फिके. माझं मत वेगळं आहे, पण ते असो.

हा एवढा वास खरं तर लबाडी आहे. चाफ्याच्या फुलात मध नसतो. रात्री वास सोडून तो मोठ्या पतंगांना बोलावतो. ते बिचारे या फुलावरून त्या फुलावर मधाच्या आशेने सोंड खुपसत फिरतात आणि फुकटात परागीभवन करून जातात.

आणि दुसरी गंमत. चाफा आपला नाही, हवाईचाही नाही. त्याचं मूळ मेक्सिको, मध्य अमेरिका, कॅरिबियन बेटं या पट्ट्यात. हवाईत तो १८६० साली विल्यम हिलेब्रँड नावाच्या जर्मन डॉक्टरने आणला. आज तोच चाफा हवाईच्या लेईत, म्हणजे गळ्यातल्या फुलांच्या हारात, असतो आणि पर्यटक तो कानावर खोचून फिरतात. (उजव्या कानावर फूल म्हणजे अजून कुणाशी बांधलेलं नाही, डाव्या कानावर म्हणजे लग्न झालेलं. आईने कौतुकाने उजव्या कानावर खोचलं होतं. आम्ही काही बोललो नाही.) राईत साळुंक्यांचा कलकलाट ऐकलात तर तोही याच डॉक्टरांचा प्रताप. पिकांवरच्या अळ्या खायला म्हणून त्यांनी १८६५ मध्ये भारतातून साळुंक्या आणून सोडल्या. म्हणजे आपल्याकडचा म्हणून बघायला आलेला चाफा अमेरिकेचा, आणि त्याच्या फांदीवर बसून भांडणारी साळुंकी मात्र शंभर टक्के आपल्याकडची.

झाडावरचं फूल तोडायचं नाही. खाली पडलेलं उचला, हुंगा, तिथेच ठेवा.

## ६. निवडुंग कोणता आणि शेर कोणता, हे ओळखायला शिका

वाट पुढे अमेरिका, आफ्रिका, मादागास्कर आणि हवाई अशा विभागांतून फिरते. मादागास्करच्या विभागात उंच काठ्यांना ओळीने काटे आणि त्यांच्यामधून चिमुकली पानं अशी अल्लुआउडिया नावाची विचित्र झाडं बघा. आफ्रिकेच्या विभागात गोरखचिंच आहे. आपल्याकडे जुन्या बंदरांच्या आणि किल्ल्यांच्या आसपास दिसते ती, अरबी व्यापाऱ्यांनी आणली असं मानतात ती. इथे तिचं खोड हत्तीच्या पायासारखं फुगलेलं दिसेल. त्या खोडात ती पावसाचं पाणी साठवते.

पण खरी मजा वेगळ्याच गोष्टीत आहे, आणि ती कळली नाही तर अर्धी बाग वाया गेली समजा. अमेरिकेच्या विभागात उभे खांब, त्यांना कंगोरे आणि काटे. आफ्रिकेच्या विभागातही उभे खांब, त्यांनाही कंगोरे आणि काटे. दोन्ही सारखेच वाटतात. प्रत्यक्षात त्यांचं नातं आंबा आणि वांग्याएवढंही नाही. पहिले खरे निवडुंग, अमेरिका खंडाचे. दुसरे युफोर्बिया, म्हणजे आपल्या शेराच्या, साबराच्या, तीनधारीच्या कुळातले. कोरड्या मुलखात जगायचं तर पानं टाकून द्यावी, खोड हिरवं आणि जाड करावं, काटे काढावेत, हे दोन वेगळ्या घराण्यांनी दोन वेगळ्या खंडांत आपापलं शोधून काढलं. आपण मराठीत दोघांनाही सरसकट निवडुंग म्हणतो, त्यामुळे घोटाळा आणखी पक्का होतो. त्यातून आपल्या बांधावरचा फड्या निवडुंग हा खरा निवडुंग, तो अमेरिकेतून आलेला, आणि तीनधारी, जो खरा निवडुंग नाही, तो इथलाच.

ओळखायचं कसं? चीक बघून. शेर मोडला की पांढरा दुधासारखा चीक येतो. पण बागेत झाड मोडायचं नाही, आणि तो चीक डोळ्यात गेला तर डोळा धरून बसावं लागेल, लहान मुलांवर लक्ष ठेवा. त्यापेक्षा काट्याचं मूळ बघा. तोंड जवळ न्या, पण हात मागे बांधून. खऱ्या निवडुंगाचे काटे एका लहानशा लोकरीच्या उशीतून पुंजक्याने निघतात, जणू टाचण्यांची गादी. युफोर्बियाचे बहुतेक जोडीजोडीने असतात, बैलाच्या शिंगांसारखे, आणि खाली लोकर नाही. आबांना हे एकदा दाखवलं. पुढच्या अर्ध्या तासात ते प्रत्येक झाडापाशी कमरेत वाकून "उशी हाय... शिंगं... शिंगं... उशी" असं मोजत चालले होते. एक गोरं जोडपं मागून येत होतं, त्यांना काय वाटलं असेल कोण जाणे.

## ७. हवाईचा पांगारा शोधा

या बागेत मला सर्वांत प्रिय झाड विचाराल तर विलीविली. हवाईखेरीज जगात कुठेही नैसर्गिकरीत्या न उगवणारं, आणि कुळाने आपल्या पांगाऱ्याचं सख्खं. खोडाची साल नारिंगी झाक असलेली, तिच्यावर बुटके काटे. उन्हाळ्यात पानं झडतात आणि नागव्या फांद्यांवर फुलं येतात. आपला पांगारा होळीच्या सुमारास लालभडक पेटतो. विलीविली मात्र एका रंगावर समाधानी नाही. कुठल्या झाडाला नारिंगी, कुठल्याला फिकट पिवळी, पांढरट, आणि काहींना चक्क हिरवट फुलं. जुने हवाईयन लोक याच्या हलक्या लाकडाचे जाळ्याचे तरंगे आणि होडीच्या बाजूचा तोल सांभाळणारा दांडा करत. लाटांवर स्वार व्हायच्या फळ्याही.

हे झाड आज दिसतंय हे नशीब. २००५ मध्ये गाठी करणारी एक गांधीलमाशी ओआहूवर पोचली. नाव मोठं, अंगाने मात्र मुंगीहून बारीक. ती पांगाऱ्याच्या कोवळ्या पानांत अंडी घालते, पानं गाठींनी फुगून वेडीवाकडी होतात आणि झाड उपाशी मरतं. होनोलुलूत रस्त्याकडेला लावलेले आपल्याकडचे पांगारे बहुतेक सगळे गेले. विलीविलीही सुकत चालले. मग शास्त्रज्ञांनी पूर्व आफ्रिकेत जाऊन तिच्यावर जगणारी दुसरी माशी शोधली, कसून तपासली आणि २००८ मध्ये सोडली. झाडांनी पुन्हा पालवी धरली. पानं नीट बघितलीत तर काही जुन्या गाठी अजूनही सापडतील.

आबांनी पाटी वाचलेली नव्हती, त्यांना इंग्रजी येत नाही. त्यांनी सालीवर हात फिरवला, काट्यावर अंगठा टेकवला आणि म्हणाले, "ह्यो पांगाराच हाय की रं." वनस्पतिशास्त्राने ज्याला पाच ओळी लागतात ते त्यांनी अंगठ्याने सांगितलं.

## ८. वाट सोडू नका, आणि चपला का नकोत ते

लागवडीच्या बाहेर विवरात जे रान माजलंय त्यात दोन झाडं तुम्ही लगेच ओळखाल. एक सुबाभूळ. चपट्या तपकिरी शेंगांचे झुबके, बोराएवढे पांढरे गोंडे. इथे तिला कोआ हाओले म्हणतात आणि तण म्हणून नावं ठेवतात. सत्तरच्या दशकात आपल्याकडे उरुळी कांचनच्या बाएफ संस्थेने शेळ्यांना चारा आणि चुलीला सरपण म्हणून हिचा प्रसार केला, त्यातलं उंच वाढणारं वाण हवाई विद्यापीठातूनच पुढे आलेलं, 'हवाईयन जायंट'. आमच्या बांधावर तेच होतं. आबांनी शेंगांकडे बघून मान हलवली आणि इतक्या लांब येऊन हीच का, असं काहीतरी पुटपुटले.

दुसरं किआवे, आपल्या वेड्या बाभळीच्या जातकुळीतलं. १८२८ साली एका कॅथलिक धर्मगुरूने होनोलुलूत लावलेल्या झाडापासून त्याचा पसारा वाढला असं सांगतात. याचा काटा वाळून मातीत पडतो, मातीच्याच रंगाचा होतो आणि टोक वर करून वाट बघत बसतो. मी दुसऱ्या फेरीत रबरी चपला घालून गेलो होतो, इथे सगळे तेच घालतात म्हणून. फोटोसाठी वाट सोडून चार पावलं आत गेलो. काटा चपलेच्या तळव्यातून सरळ टाचेत. दोन्ही हातांनी धरून चप्पल ओढली तेव्हा सुटली. उरलेली वाट टाच उचलून चाललो, घरी आल्यावर आईने गूळ-हळदीचं पोटीस बांधलं. तर, बूट.

वाटेवरच चाला याचं दुसरंही कारण आहे. टफच्या उतारावर पाय ठरत नाही, बारीक चुरा बाजरीच्या दाण्यांसारखा घसरतो.

## ९. निघताना खिसे तपासा

बागेतून बी, फांदी, शेंग, दगड, काहीही न्यायचं नाही. आणि बागेबाहेरही, हवाईतून काय नेता येतं याचे नियम कडक आहेत. अमेरिकेच्या मुख्य भूमीकडे विमानाने निघताना सामानाची शेतकी तपासणी होते. निवडुंग, त्याचे तुकडे, माती, मातीतली रोपं चालत नाहीत. चाफ्याची कलमं हवी असतील तर तपासून शिक्का मारलेली विकत मिळतात, ती घ्या. बहुतेक फुलांच्या लेई चालतात. भारतात रोपं-बिया न्यायच्या तर आयातीचा परवाना आणि आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. पाहुण्यासारखं आलेल्या माणसाने त्या भानगडीत पडू नये.

उलट दिशेनेही तेच. हवाईत उतरताना प्रत्येक कुटुंबाला झाडं-प्राणी-अन्न काय आणलंय ते लिहून द्यावं लागतं. भारतातून येणाऱ्यांच्या पिशवीत कढीपत्ता हमखास सापडतो. ताजा कढीपत्ता अमेरिकेत आणायला बंदी आहे, लिंबूवर्गीय झाडांची कीड त्यावरून येते म्हणून. लपवू नका, आधीच सांगून टाकून द्या.

ड्रोन घरी ठेवा. डोहाळजेवणाचे किंवा लग्नाचे फोटो पैसे देऊन छायाचित्रकाराकडून काढून घेणार असाल तर परवानगी लागते, ती त्यालाच काढायला सांगा. सिगारेट आतमध्ये अजिबात नको, उन्हाळ्यात ते सगळं गवत म्हणजे वाळलेला कडबा असतो.

## १०. पुढे कुठे

साडेदहाला बाहेर पडलात तर दिवस मोठा उरतो. समोरचा सँडी बीच बघायला सुरेख आहे, पण पोहायला उतरू नका. लाट सरळ काठावर आदळते आणि माणसाला मानेवर आपटते. तिथलं हे पाणी त्यासाठी कुप्रसिद्ध आहे. काठावर बसून बघा. हनाउमा बेला जायचं तर ते वेगळं प्रकरण, आधी नोंदणी, तिकीट, आणि सोमवार-मंगळवारी बंद. जेवायला हवाई काईत कोको मरीना हे दुकानांचं संकुल आहे. हिलेब्रँड डॉक्टरांची उत्सुकता वाटली असेल तर शहरातल्या फॉस्टर बागेत जा. तिथली जुनी झाडं त्यांनी आपल्या अंगणात लावलेली आहेत.

आम्ही त्या दिवशी लगेच कुठे गेलो नाही. गाडीत बसताना आबांनी रुमाल काढला आणि त्यातून विलीविलीची एक बी माझ्या मांडीवर पडली. गुंजेसारखी लाल, पण मोठी, आणि काळा डोळा नसलेली. मी त्यांच्याकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते. "बांधावर लावली असती एक," म्हणाले. मग दोघं उतरलो, ऊन चढलेलं, पुन्हा आत अर्धा मैल चालत गेलो आणि ती झाडाखाली ठेवून आलो. आईने तेवढ्यात गाडीच्या सावलीत बसून लिंबाचं पाणी संपवलं होतं.